रविवारी संध्याकाळी अजिंठ्याहून घरी निघणाऱ्यांसाठी : एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील पर्यटन आणि प्रवासी वाहतूक यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी, तसेच रात्रीच्या खासगी प्रवासी गाड्या चालवणारे सर्व व्यावसायिक यांस,

विषय : अजिंठा-वेरूळहून सार्वजनिक वाहनाने एकट्याने परतणाऱ्या प्रवाशांची सोय

स. न. वि. वि.

अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे शनिवार-रविवारच्या सुट्टीत, एकटीने आणि स्वतःची गाडी न नेता नीट पाहता येतात का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘येतात’ असे आहे. मात्र रविवारी संध्याकाळी तिथून निघून सोमवारी सकाळी वेळेवर, सुखरूप आणि वाजवी पैशांत घरी पोहोचता येते का, या प्रश्नाला तसे छातीठोक उत्तर आज देता येत नाही. ते देता यावे, एवढ्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मी पुण्यात नोकरी करते आणि गेल्या हिवाळ्यात हा प्रवास एकटीने केला. ज्या कंपनीच्या गाडीने मी परतले तिचे नाव इथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्या रात्री त्याच ठिकाणी ताटकळत उभ्या असलेल्या इतर गाड्यांच्या प्रवाशांची गतही माझ्याहून वेगळी नव्हती, आणि एका कंपनीला दंड होऊन हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

सुट्टीचा हिशेब आधी मांडते, कारण अडचणीचे मूळ त्यातच आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे नोकरदार माणसाला शनिवार-रविवार हेच दिवस हाती उरतात. पुण्याहून शनिवारी पहाटे निघालेला माणूस छत्रपती संभाजीनगरला पोहोचेपर्यंत दुपार होत आलेली असते, त्यामुळे त्या दिवशी तीसेक किलोमीटरवरचे वेरूळच पदरात पडते आणि शंभर किलोमीटरवरच्या अजिंठ्यासाठी रविवार राखून ठेवावा लागतो. क्रम उलटा करणाऱ्यांनाही फारसा लाभ नाही, कारण शनिवारी संध्याकाळी अजिंठ्याहून मुक्कामाला शहरात परतणारा माणूसही लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूर फाट्यावरच शहराकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. लेणी संध्याकाळी बंद झाली की आधी शटल बसने चार किलोमीटरवरच्या त्या फाट्यापर्यंत यायचे, तिथून मिळेल त्या वाहनाने शहर गाठायचे, आणि मग रात्रीच्या गाडीने पुण्याचा सुमारे २३५ किलोमीटरचा पल्ला पार करायचा, असा हा तीन टप्प्यांचा प्रवास आहे. तिन्ही टप्प्यांची वाहने वेगवेगळ्या लोकांच्या हातात आहेत आणि एकाच्या वेळेशी दुसऱ्याला काही देणेघेणे नाही.

यावर कोणी म्हणेल की लेणी थोडी आधी आटोपून निघावे. हे सांगणाऱ्याने अजिंठा सावकाश पाहिलेला नसावा. वेरूळच्या कैलासाची भव्यता पाऊल ठेवताक्षणी अंगावर येते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात शिखरापासून पायापर्यंत, वरून खाली कोरत आणलेले ते मंदिर समोर उभे असते आणि ते दिसायला वेळ लागत नाही. अजिंठा मात्र वेळ मागतो. वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणावर तीस लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांहून आधीची, आणि बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, अशी ही चित्रे काढलेली असल्याने ओल, धूर, प्रखर प्रकाश आणि माणसांची गर्दी यांतले काहीच त्यांना सोसत नाही. म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, फ्लॅश वापरू देत नाहीत आणि दिवे अगदी मंद ठेवतात. हे सगळे योग्यच आहे आणि त्यासाठी रांगेत थांबण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पहिल्या लेण्यातले पद्मपाणी या बोधिसत्त्वाचे चित्र त्या मंद उजेडाला डोळे सरावल्याशिवाय दिसत नाही, आणि मागे रांग खोळंबलेली असली तरी तेवढा वेळ प्रत्येकाला मिळायलाच हवा.

त्यातही सव्विसावे लेणे अगदी पलीकडच्या टोकाला असल्याने तिथे पोहोचेपर्यंत दुपार कलते. त्या चैत्यगृहाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. सुमारे सात मीटर लांबीची बुद्धाची पहुडलेली मूर्ती सगळ्यांच्या छायाचित्रांत असते. पण तिच्या खाली बसलेल्या शोकाकुल शिष्यांची ओळ वाकून पाहावी लागते. कुणी मान खाली घातली आहे, कुणी हातावर डोके टेकले आहे, आणि कोरणाऱ्याने त्यांतल्या एकाचाही शोक दुसऱ्यासारखा ठेवलेला नाही. या ओळीसमोर बराच वेळ उभे राहणाऱ्या माणसाला ‘शेवटची गाडी चुकेल, चला’ असे स्वतःला बजावावे लागणे, हे १९८३ साली भारतातल्या पहिल्या चार जागतिक वारसास्थळांत ज्यांचा समावेश झाला त्या लेण्यांच्या बाबतीत मला फार खेदाचे वाटते.

आता फाट्यावरची संध्याकाळ. लेण्यांपासून शटल बसने खाली आले, की दगड-स्फटिक विकणाऱ्यांची दुकाने ओलांडून जळगाव रस्त्यावर यावे लागते. तिथे शहराकडे जाणारी पुढची गाडी किती वाजता आहे, हे सांगणारा एकही फलक मला दिसला नाही. चौकशी करायची तर चहाच्या टपरीवर करायची आणि तिथला माणूस भला असला तरी ‘येईल आता’ यापलीकडे त्याला तरी काय ठाऊक असणार? जळगावकडून येणाऱ्या गाड्या रविवारी संध्याकाळी आधीच भरून आलेल्या असतात; काही थांबतात, काही थांबत नाहीत. थांबलेल्या गाडीकडे सगळे एकदमच धावतात, आणि त्या धावाधावीत पाठीवर सामान घेतलेली एकटी बाई किंवा गुडघे धरलेले आजोबा मागेच राहतात. धारवाडहून आलेले एक वृद्ध जोडपे तिथे माझ्यासोबत उभे होते. त्यांना मराठी येत नव्हते, आणि प्रत्येक गाडी जवळ आली की ते माझ्याकडे पाहून मानेनेच ‘हीच का?’ असे विचारत होते. अंधार पडल्यावर एक काळी-पिवळी जीप मिळाली. तिच्या चालकाने आम्हा बायकांना पुढे बसवले, आजोबांसाठी मधली जागा रिकामी करवून घेतली आणि ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. पण क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेल्या त्या जीपमधून अजिंठ्याचा घाट चढून, पुढे गोळेगाव, सिल्लोड, फुलंब्री असा सगळा रस्ता रात्री करणे, ही राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या पर्यटनस्थळाहून परतण्याची पद्धत असू नये.

याच फाट्यावरून उलट दिशेला जळगाव साठेक किलोमीटरवर आहे, आणि जळगाव हे मुंबई-भुसावळ या मुख्य लोहमार्गावरचे मोठे स्थानक आहे. मुंबई, नाशिक, नागपूर किंवा उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाशाला शहरापर्यंत मागे येण्यापेक्षा तिकडे जाणे कितीतरी सोयीचे ठरेल. ही माहिती लेण्यांच्या तिकीटखिडकीजवळ चार भाषांत लिहून लावली, तर फाट्यावरची निम्मी घालमेल कमी होईल. आमच्यासोबत नागपूरच्या कॉलेजच्या दोन मुली होत्या. त्यांना हे टपरीवरच्या चहावाल्याने सांगितले, तेव्हा त्या रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

शहरात पोहोचल्यावर सुरू झाला तो प्रवासाचा सर्वांत मनस्ताप देणारा भाग. मी रात्रीच्या खासगी गाडीत, ज्याला आपण सगळे ‘ट्रॅव्हल्स’ म्हणतो तिच्यात, एकेरी स्लीपरचे पैसे आधीच भरले होते. तिकिटावर चढण्याचे ठिकाण शहराच्या मध्यभागातले होते. संध्याकाळी जीपमध्ये असतानाच मोबाइलवर संदेश आला की ते बदलले असून प्रवाशांनी शहराबाहेरच्या एका पेट्रोलपंपासमोर यावे. संदेशात दिलेला गाडीच्या माणसाचा क्रमांक आधी लागत नव्हता आणि नंतर बंदच झाला. त्या पेट्रोलपंपासमोर छप्पर नव्हते, बसायला बाक नव्हता आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. पंपावरच्या पहारेकऱ्याने आपली खुर्ची एका गरोदर बाईला दिली आणि स्वतः रात्रभर उभा राहिला. तिथली तेवढीच व्यवस्था, आणि ती त्या बिचाऱ्याने स्वतःच्या मनाने केलेली होती. गाडी मध्यरात्र उलटून गेल्यावर आली. ती नेवासे फाट्याच्या अलीकडे बंद पडली, मग ढाब्यावर बसवण्यात आले, आणि बऱ्याच वेळाने पुण्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत आम्हाला रिकाम्या जागा पाहून बसवले गेले. त्या गाडीत एकेरी शायिका शिल्लक नव्हती. अनोळखी पुरुषाशेजारची जोड शायिका मला देऊ करण्यात आली, आणि मी ती नाकारली तेव्हा ‘मग राहा इथेच’ असे उत्तर मिळाले. पुण्यापर्यंतचा प्रवास मी चालकाशेजारच्या केबिनमध्ये बाकावर बसून केला. सकाळी वाघोलीला सर्वांना उतरवले. शिवाजीनगरचे तिकीट असलेल्यांना सांगण्यात आले की आता गाडी शहरात नेता येत नाही. तिकिटातला एक रुपयाही आजपर्यंत परत आलेला नाही.

हे सारे एका रात्रीचे दुर्दैव म्हणून सोडून दिले असते, पण त्याच्या मुळाशी एक कायमची अडचण आहे, आणि ती आपणा सर्वांस ठाऊकही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवत-उतरवत जाण्याचा परवाना वेगळा असतो आणि एका करारावर एकत्र जाणाऱ्या प्रवाशांना नेण्याचा कंत्राटी परवाना वेगळा असतो. रात्रीच्या खासगी गाड्यांकडे साधारणपणे दुसऱ्या प्रकारचा परवाना असतो, पण प्रत्यक्षात त्या प्रत्येक आसनाचे वेगळे तिकीट विकून पहिल्या प्रकारची वाहतूक करतात. कागदोपत्री ही वाहतूकच नसल्यामुळे तिला थांबा नाही, थांबा नाही म्हणून छप्पर आणि स्वच्छतागृह नाही, वेळापत्रक नाही म्हणून उशीरही नाही, आणि दाद मागायला खिडकीही नाही. पेट्रोलपंपासमोरचा अंधार हा त्या कायदेशीर संदिग्धतेचाच परिणाम आहे. लाखो लोक ज्या गाड्यांवर अवलंबून आहेत त्यांच्याकडे वर्षानुवर्षे असा कानाडोळा करत राहण्यापेक्षा, त्यांना अटी घालून उघडपणे थांबे देणे प्रवाशांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित नाही का, याचा निर्णय आता शासनाने घ्यावा. थांबा अधिकृत झाला, तरच ‘गाडी अमुक ठिकाणाहून का सुटली नाही’ असे कुणाला तरी विचारता येईल.

भाड्याचेही तसेच आहे. खासगी गाड्यांनी त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला आहे. निर्णय चांगला आहे, पण रविवारी रात्री तिकीट काढणाऱ्याला तो कुठे दिसतच नाही. माझ्यासमोर आयत्या वेळी जागा मागणाऱ्या एका विद्यार्थ्याला सांगितलेले भाडे ऐकून तो मुकाट्याने बाजूला जाऊन बसला, आणि दीडपट म्हणजे नेमके किती, हे तिथे कुणालाच सांगता येत नव्हते. ज्या पडद्यावर तिकीट विकले जाते त्याच पडद्यावर त्या मार्गाची कमाल भाडेमर्यादा रुपयांत दाखवणे बंधनकारक केले, तर प्रवाशाला तक्रार करण्याआधी गुणाकार करत बसावे लागणार नाही.

अजिंठा-वेरूळसाठी काहीच झाले नाही, असे मी म्हणत नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या विकास प्रकल्पात विमानतळ, रस्ते, पाण्याची सोय अशी मोठी कामे झाली, आणि वाहने फाट्यावरच थांबवून लेण्यांपर्यंत शटल बस नेण्याची पद्धत तर मला मनापासून आवडते. पण विमानाने उतरून मोटारीने लेण्यांपर्यंत जाणारा पर्यटक जसा आपल्या डोळ्यांसमोर आहे, तसा तिकीट काढून, रांगेत उभा राहून, एकट्याने आलेला मराठी प्रवासी नसावा, असे वाटते. मार्च २०२३ पासून राज्यातल्या महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी, ज्यांनी आयुष्यात एकटीने मुक्कामाचा प्रवास केला नव्हता, त्या सवलतीमुळे पहिल्यांदा देवदर्शनाबाहेरच्या गावी जाऊन आल्या. सवलतीने बाईला घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य दिले असेल, तर रात्री परत येताना ती कुठे उभी राहील याचाही विचार तिच्याबरोबरच व्हायला हवा होता.

माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. फर्दापूरच्या फाट्यावर आणि लेण्यांच्या तिकीटखिडकीजवळ, दोन्ही दिशांच्या संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नड किंवा तेलुगू यांत लिहिलेला मोठा फलक लावावा, आणि शेवटची गाडी कोणती हे त्यावर ठळकपणे लिहावे. त्यापुढची मागणी अशी की, शनिवार-रविवारी लेणी बंद झाल्यानंतर शटल बसच्या शेवटच्या फेरीची वाट पाहून फाट्यावरूनच सुटणारी एक तरी गाडी शहरापर्यंत असावी. जळगावहून भरून येणाऱ्या गाडीत जागा शोधण्यापेक्षा तिथेच रिकामी उभी असलेली गाडी म्हाताऱ्या माणसांना, लहान मुले असलेल्यांना आणि एकट्या बायकांना खरा आधार देईल. तिचे आरक्षण लेण्यांच्या तिकिटाबरोबरच करता आले, तर किती माणसे येणार हे आपल्यालाही दुपारीच कळेल आणि गाडी रिकामी धावण्याची भीती उरणार नाही. फाट्यावर रात्री नऊपर्यंत दिवा आणि उघडे स्वच्छतागृह असावे, हे वेगळे सांगावे लागू नये, पण सांगते.

खासगी गाड्या चालवणाऱ्यांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. रात्रभर गाडी चालवणाऱ्या चालकाचे कष्ट मी त्या रात्री केबिनमध्ये बसून जवळून पाहिले आहेत; पहाटे शिरूरच्या पुढे डोळ्यांवर पाणी मारायला तो दोनदा खाली उतरला, आणि त्याच्याबरोबर दुसरा चालक नव्हता. ही बाब प्रवाशांच्या जिवाशी निगडित आहे, म्हणून लांबच्या रात्रीच्या गाडीवर दोन चालक असल्याशिवाय ती सुटू नये, अशी तपासणी परिवहन अधिकाऱ्यांनी गाडी निघण्याआधी करावी. चढण्याचे ठिकाण बदलायचे असेल तर प्रवाशाला पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्याय त्याच संदेशात द्यावा. गाडी बंद पडून दुसरी द्यावी लागली, तर एकट्या बाईला एकेरी जागा किंवा दुसऱ्या बाईशेजारची जागाच मिळेल, हा नियम आपल्या माणसांना लेखी द्यावा, म्हणजे मध्यरात्री ढाब्यावर तिला वाद घालावा लागणार नाही. आणि ज्या ठिकाणचे तिकीट घेतले तिथे गाडी जाणार नसेल, तर तिथपर्यंतच्या रिक्षाचा खर्च कंपनीने सोसावा.

पावसाळ्यानंतर अजिंठ्याची गर्दी वाढते आणि दिवाळीच्या सुट्टीत ती बरीच असते. फलक आणि दिवा या दोन गोष्टींना मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही, त्यामुळे त्या येत्या दिवाळीपूर्वी व्हाव्यात अशी माझी विनंती आहे, आणि थांबे व परवाने यांबाबत शासनाचा विचार काय आहे ते लेखी कळवावे. त्या रात्री पेट्रोलपंपावर ओळख झालेल्या काही सहप्रवाशांनी आपापले अनुभव लिहून देण्याची तयारी दाखवली आहे. ते सर्व तिकिटांच्या प्रतींसह मी या पत्रापाठोपाठ संबंधित कार्यालयांकडे पाठवत आहे.

कळावे,

आपली,
पुण्याची एक प्रवासी